गच्चीवर स्वतःचं सोलार बसवावं की सामुदायिक सोलारमध्ये वाटा घ्यावा? निर्णयच होत नाहीये

गच्चीउन्ह

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हाच विषय डोक्यात घोळतोय, घरात रोज चर्चा होते आणि रोज वेगळंच काहीतरी ठरतं, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

घर आमचं स्वतःचं आहे, दोन मजली, वर सपाट गच्ची. महिन्याला सरासरी ३०० युनिट वीज लागते. आता दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलार, पैसे पूर्ण आमचे, सिस्टीम आमची. दुसरा सामुदायिक सोलार, म्हणजे शहराबाहेर मोठ्या जागेवर एकच मोठा प्रकल्प उभा केलाय, त्यात पुष्कळ घरांचे वाटे, आणि आपल्या वाट्याला जेवढी वीज तयार होईल तेवढं क्रेडिट आपल्या बिलातून वजा होतं. घरावर काहीच बसवायचं नाही, सुरुवातीला पैसेही नाहीत, फक्त दर महिन्याचं सबस्क्रिप्शन.

अडचणी सांगते. गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, चौथऱ्यासकट दोन मीटर तरी उंच. पश्चिमेला शेजारच्यांचं मोठं झाड आहे आणि ते तोडा असं मी कधीच म्हणणार नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग जुनं झालंय, अजून गळत नाही पण एका भिंतीला ओल दिसायला लागलीय. शिवाय नोकरीमुळे पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या शहरात जावं लागू शकतं, नक्की काही नाही.

रूफटॉपवाला म्हणतो की हल्लीची पॅनेल सावलीतही चालतात, झाडाचा काही प्रॉब्लेम नाही. सबस्क्रिप्शनवाला म्हणतो शून्य गुंतवणूक आणि गॅरंटीड बचत. दोघंही इतक्या आत्मविश्वासाने बोलतात की मला दोघांचंही पटत नाही. मला बिल कमी करायचंय हे खरं, पण त्याहून जास्त मला हे हवंय की आपण वापरतो ती वीज कोळसा जाळून आलेली नसावी. आणि हो, वीज गेल्यावर निदान दिवे-पंखे चालले तर बरं, सासूबाई दिवसभर घरात असतात.

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

---

तारजोड

ताई, मी हेच काम करतो, पॅनेल बसवायचं आणि वायरिंगचं, त्यामुळे गच्चीच्या बाजूने बोलतो, सामुदायिकचं जाणकार सांगतील.

सगळ्यात आधी सावली. "सावलीत चालतात" हे अर्धं खरं आहे. पॅनेलच्या आत सगळे सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, म्हणजे पाण्याच्या पाइपवर एका ठिकाणी पाय दिला की पुढे सगळीकडेच धार बारीक होते तसं एक सेल झाकला की त्या रांगेचा करंट पडतो. हे टाळायला पॅनेलच्या मागच्या डब्यात बायपास डायोड असतात, साधारण तीन, म्हणजे कोपऱ्यावर सावली आली तर पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाजूला काढला जातो आणि बाकीचा चालू राहतो. हाफ-कट पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा वेगळा असतो त्यामुळे थोडा आणखी फायदा. इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारं यंत्र, आणि प्रत्येक पॅनेलला स्वतःचा छोटा मायक्रोइन्व्हर्टर लावला तर प्रत्येक पॅनेल स्वतंत्र चालतं, एकाच्या सावलीचा त्रास दुसऱ्याला नाही. पण ज्या पॅनेलवर सावली आहे त्याला ऊनच मिळत नाही तर ते वीज कुठून आणणार, कुठलंही उपकरण लावा, ती वीज परत येत नाही.

तेव्हा कोटेशन बाजूला ठेवा आणि खडू घेऊन गच्चीवर जा. आत्ता हिवाळा आहे, सूर्य खाली असतो, सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब, त्यामुळे मोजायला हीच योग्य वेळ. सकाळी १० वाजता टाकीच्या आणि झाडाच्या सावलीची कड खडूने आखा, मग १२ ला, २ ला, ४ ला, प्रत्येक रेघेवर वेळ लिहा. अंदाज हवा असेल तर सूर्य क्षितिजापासून ३० अंशावर असताना दोन मीटर उंच वस्तूची सावली साधारण साडेतीन मीटर पडते. १० ते ४ मध्ये जो भाग कधीच झाकला जात नाही तीच तुमची खरी गच्ची, बाकीची धरायचीच नाही.

आता जागा. हल्लीचं ४३० वॅटचं पॅनेल जेमतेम दोन चौरस मीटरचं असतं, वजन २१-२२ किलो. ३ किलोवॅटला अशी सात. म्हणजे नुसती पॅनेल १४ चौरस मीटर, पण सपाट गच्चीवर ती तिरकी लावतात, एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मध्ये अंतर सोडावं लागतं, साफ करायला जायला वाट लागते, असं करत २५-३० चौरस मीटर धरून चला.

वजनाची लोकांना फार काळजी असते पण बऱ्या बांधकामाच्या स्लॅबला ते वजन सहसा जड नसतं, घर जुनं असेल तर एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मला जास्त काळजी वाऱ्याची वाटते. तिरक्या पॅनेलखाली वारा शिरला की तो वर उचलतो, म्हणून स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा, एकतर स्लॅबमध्ये अँकर करावं लागतं किंवा खाली काँक्रीटचे ठोकळे वजन म्हणून ठेवावे लागतात. अँकर म्हणजे गच्चीला भोकं, आणि तुमच्या गच्चीला आधीच ओल आहे. पॅनेल २५ वर्षं टिकणार आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग दोन वर्षांत जाणार असं झालं तर सगळं उतरवून परत चढवायला लागेल. त्यामुळे रूफटॉप करायचं असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, हे मी हात जोडून सांगतो.

आणि वीज गेल्यावरचं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला साधा सोलार इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद पडतो, बाहेर डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. तो बिघाड नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण बाहेर लाइनवर माणूस काम करत असेल आणि तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. त्यामुळे वीज गेल्यावर दिवे-पंखे हवेत तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीही जोडता येते असा, आणि बॅटरी लागेल, तो वेगळा खर्च.

---

वाटेकरी

मी दुसऱ्या बाजूची. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, गच्ची आमची नाहीच, त्यामुळे सामुदायिक सोलारचं सबस्क्रिप्शन घेतलंय आणि मी समाधानी आहे. पण सही करायच्या आधी करार ओळ न ओळ वाचला म्हणून समाधानी आहे हेही सांगते.

आधी एक गैरसमज. कितीतरी लोकांना वाटतं की त्या प्रकल्पातली वीज वेगळ्या तारेने आपल्या घरी येते. तसं नसतं. प्रकल्पाची वीज ग्रिडमध्ये जाते, तुमच्या घरी ग्रिडमधूनच येते, आणि तुमच्या वाट्याचा हिशोब कागदावर बिलात होतो. म्हणून वीज गेली की तुमचीही जाते, तेव्हा तो वाटा काही कामाला येत नाही.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एलन्सबर्ग या छोट्या शहरात २००६ मध्येच असा प्रकल्प सुरू झाला, मिनेसोटा राज्याने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. कारण साधं होतं, अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या २०१५ च्या अहवालातही जवळपास निम्म्या घरांना स्वतःच्या छपरावर सोलार लावणं शक्य नाही असं निघालं, कुणी भाडेकरू, कुणाचा फ्लॅट, कुणाच्या छपरावर सावली, कुणाचं छप्पर लहान. अशा माणसांनी काय फक्त बघत बसायचं? मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, सोलार म्हणजे स्वतःचं घर असलेल्यांचीच मक्तेदारी राहू नये.

आता करारात काय बघायचं ते. सगळ्यात आधी दर कसा ठरतो. काही करारात तुमच्या बिलात जे क्रेडिट येईल त्याच्यावर ठरावीक टक्के सूट असते, समजा १०० चं क्रेडिट आलं तर तुम्ही ९० द्यायचे. हे सुरक्षित, कारण विजेचा दर वर गेला काय खाली आला काय, सूट कायम. दुसऱ्या प्रकारात सबस्क्रिप्शनचा दर वेगळा ठरलेला असतो आणि तो दरवर्षी ठरावीक टक्क्याने वाढतो. इथे नीट बघा. सुरुवातीला १० टक्के स्वस्त आहे, दरवर्षी ३ टक्के वाढतोय आणि ग्रिडचा दर वर्षाला १ टक्काच वाढला, तर सातव्या वर्षी तुम्ही ग्रिडपेक्षा जास्त पैसे देताय. "गॅरंटीड बचत" हा शब्द करारात कुठल्या कलमात लिहिलाय ते दाखवा म्हणावं, नसेल तर तो शब्द नाहीच असं समजायचं.

मग बाहेर कसं पडायचं. तुम्ही पाच-सहा वर्षांत जाणार म्हणताय ना, तर हे तुमच्यासाठी सगळ्यात मोठं. किती महिने आधी नोटीस, दंड आहे का, आपल्या जागी दुसरा सभासद आणून द्यावा लागतो का, आणि त्याच वीज कंपनीच्या हद्दीत घर बदललं तर वाटा बरोबर नेता येतो का. हद्दीबाहेर गेलात तर सहसा नेता येत नाही.

अजून एक, वाटा वर्षाच्या वापराएवढा किंवा जरा कमीच घ्या. उन्हाळ्यात क्रेडिट जास्त जमतं, नंतर ते वापरलं जातं, पण वर्षाअखेर उरलेलं क्रेडिट काही ठिकाणी बाद होतं आणि काही ठिकाणी अगदी कमी दराने मिळतं.

---

हिशेबनीस

दोघांनी छान लिहिलंय. मी फक्त आकडे मांडतो, कारण माझ्या मते हा प्रश्न शेवटी एका गोष्टीवर येऊन थांबतो, ती म्हणजे ग्रिडला दिलेल्या युनिटचे तुम्हाला काय मिळतात. ती माहिती विजेच्या नियमात असते आणि दोन्ही विक्रेते ती शेवटच्या पानावर ठेवतात.

तुमचा वापर वर्षाला ३६०० युनिट. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात १ किलोवॅटमागे वर्षाला १३०० ते १५०० युनिट मिळतात, ढगाळ थंड प्रदेशात हजाराच्या आसपास. म्हणजे ऊन चांगलं असेल तर पावणेतीन किलोवॅटमध्ये तुमचा सगळा वापर कागदावर भागतो.

नेट मीटरिंग असेल, म्हणजे दिलेला एक युनिट बरोबर घेतलेला एक युनिट, तर हिशोब सरळ आहे, ३६०० च्या ३६०० वसूल. समजा अशा वेळी तुमची गुंतवणूक ६ वर्षांत वसूल होते. आता नेट बिलिंग धरा, म्हणजे घेताना पूर्ण दर आणि देताना त्याच्या एक तृतीयांश. ज्या घरात दिवसा फारसा वापर नाही तिथे तयार झालेल्या विजेतली साधारण ३० टक्केच तिथल्या तिथे वापरली जाते. म्हणजे १०८० युनिट पूर्ण किमतीचे, उरलेले २५२० ग्रिडला गेले त्यांची किंमत ८४० युनिटएवढी, एकूण १९२०. तीच सिस्टीम, तेवढंच ऊन, पण ६ वर्षांचे ११ वर्षांपेक्षा जास्त झाले.

पण इथेच तुमच्या हातात काहीतरी आहे. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गीझर, इस्त्री हे दुपारी चालवलं आणि तिथल्या तिथे वापर ५० टक्क्यांवर नेला तर १८०० अधिक ६००, म्हणजे २४००, वसुली ९ वर्षांत. सासूबाई दिवसा घरी असतात हा तुमच्या घराचा मोठा फायदा आहे.

हे नियम बदलतात हेही धरून चला. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नवीन ग्राहकांसाठी निर्यात केलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला, नेदरलँड्समध्ये नेट मीटरिंग १ जानेवारी २०२७ पासून बंद करायचं ठरलंय. तेव्हा तुमच्याकडे आज जो नियम आहे तो किती वर्षं तुम्हाला लागू राहील हे लेखी विचारा.

अजून दोन खर्च कोटेशनमध्ये नसतात. इन्व्हर्टर १० ते १५ वर्षं टिकतो, म्हणजे पॅनेलच्या आयुष्यात तो एकदा बदलावाच लागेल, ते पैसे आत्ताच हिशोबात धरा. आणि पॅनेलची वीज दरवर्षी साधारण अर्धा टक्का कमी होते, २५ वर्षांनी ८८ टक्क्यांच्या आसपास. हे काही भयंकर नाही, पण २५ वर्षं तेवढीच वीज धरून काढलेला तक्ता कुणी दाखवला तर त्या माणसाला बाकीचे आकडेही परत मांडायला लावा.

उन्हाळ्यात वीज भरपूर येणार हा समजही तपासा. पॅनेलवर लिहिलेले ४३० वॅट हे सेल २५ अंशाला असताना आणि चौरस मीटरला १००० वॅट ऊन असतानाचे. भर दुपारी सेल ६० अंशाला जातो, प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.३५ टक्के घट, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. म्हणून लख्ख पण थंड दिवस पॅनेलला सगळ्यात मानवतो.

---

गच्चीउन्ह

इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

खडूचं काम केलं. सासूबाईंनी वेळेवर हाका मारल्या आणि मी रेघा मारल्या. १० ला आणि १२ ला जवळपास सगळी गच्ची मोकळी. २ वाजता टाकीची सावली ईशान्येकडे सरकत बरोबर मधोमध आली, म्हणजे कोटेशनच्या नकाशात जिथे दुसरी रांग दाखवलीय तिथेच. साडेतीनपर्यंत झाडाची सावली येऊन तिला मिळते आणि चारला पश्चिमेची अर्धी गच्ची पूर्ण काळी. मात्र आग्नेय कोपरा दिवसभर उन्हात आहे, तिथे एकदाही खडू टेकवावा लागला नाही. तो तुकडा मोजला तर चार पॅनेल आरामात बसतील, सात काही केल्या नाही.

रेघांचा फोटो काढून रूफटॉपवाल्याला पाठवला तर तो म्हणाला उंच स्ट्रक्चर करू, टाकीच्या वर. चालेल का तसं?

सबस्क्रिप्शनवाल्याला कराराची प्रत मागितली. त्यात वर्षाला दरवाढ आहे, "गॅरंटीड" शब्द कुठेच नाही. नोटीस तीन महिन्यांची, दंड नाही. हे बरं वाटलं.

---

सहकारवाला

मला एक तिसरी बाजू मांडायचीय, कारण तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंत की पैशापेक्षा स्वच्छ वीज तुम्हाला महत्त्वाची, आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही.

सौर प्रकल्पातून तयार होणाऱ्या विजेबरोबर बऱ्याच देशांत एक हरित प्रमाणपत्र तयार होतं, १००० युनिटला एक. ते वेगळं विकता येतं. प्रकल्पाच्या मालकाने तुमच्या वाट्याची प्रमाणपत्रं दुसऱ्या कंपनीला विकली तर "आम्ही सौर वीज वापरतो" हा दावा त्या कंपनीचा झाला, तुमचा नाही, तुमच्याकडे फक्त बिलातली सूट राहिली. सूटही वाईट नाही आणि प्रकल्प तर उभा राहिलाच, पण तुमचा हेतू वेगळा आहे म्हणून विचारून घ्या, ही प्रमाणपत्रं कुणाकडे जातात. रूफटॉपलाही हा प्रश्न लागू होतो, काही योजनांमध्ये अनुदानाच्या बदल्यात ती दुसऱ्याच्या नावावर जातात.

आणि सामुदायिक म्हणजे फक्त सबस्क्रिप्शन असं नाही. सबस्क्रिप्शनमध्ये तुम्ही ग्राहक असता, प्रकल्प कंपनीचा. कर सवलत, अनुदान जे काही असेल ते मालकाला मिळतं. याउलट सहकारी पद्धतीत सभासदच मालक असतात, भागभांडवल घालतात, एका सभासदाला एक मत, नफा कसा वाटायचा ते सगळे मिळून ठरवतात. जर्मनीत अशा नागरिकांच्या ऊर्जा सहकारी संस्था गावोगावी आहेत. तिथे २०१७ मध्ये भाडेकरूंसाठीही कायदा केला, इमारतीच्या छपरावरची वीज त्याच इमारतीतल्या भाडेकरूंना थेट विकता यावी म्हणून. स्पेनने २०१९ मध्ये जवळपासच्या घरांना एकाच सोलार यंत्रणेतली वीज वाटून घ्यायला परवानगी दिली.

वाटेकरी ताईंचं म्हणणं मला पूर्ण पटतं की ज्यांच्याकडे छप्पर नाही त्यांना वाटा मिळायलाच हवा, पण तो वाटा मालकीचा असेल तर कितीतरी चांगलं. सबस्क्रिप्शन संपलं की तुमच्याकडे काही उरत नाही. तुमच्या भागात अशी सहकारी संस्था आहे का, किंवा शेजारच्या मोठ्या छपराच्या इमारतीबरोबर मिळून काही करता येतं का, हे एकदा बघाच.

---

वाटेकरी

मालकीचा मुद्दा बरोबर आहे दादा, पण मालकी म्हणजे जबाबदारीही. प्रकल्पाचा इन्व्हर्टर बंद पडला, गवत वाढलं, कुणी केबल चोरून नेली, तर मालक म्हणून तो तोटा सभासदांचा. सबस्क्रिप्शनमध्ये वीज तयार झाली नाही तर मला क्रेडिट नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत, निदान माझ्या करारात तरी तसं आहे. ज्याच्या हातात साठवलेले पैसे नाहीत त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. भागभांडवल पाच-सहा वर्षांनी घर बदलताना परत किती आणि कधी मिळतं हेही विचारायला हवं, काही ठिकाणी संस्थेची परवानगी आणि नवीन सभासद मिळेपर्यंत थांबावं लागतं.

प्रमाणपत्रांचं मात्र मला माहीत नव्हतं, मीही आता माझ्या करारात बघते.

---

तारजोड

ताई, खडूचं काम अगदी झकास केलंत, अशी माहिती हातात असली की कुणी काही गळ्यात मारू शकत नाही.

उंच स्ट्रक्चर चालतं, पण तुमच्या बाबतीत मी सुचवणार नाही. टाकीच्या वर नेलं तरी झाडाची सावली उरतेच, आणि जेवढं उंच तेवढा वारा जास्त, तेवढं लोखंड जास्त, तेवढे पाय स्लॅबमध्ये जास्त खोल. शिवाय वर चढून पॅनेल धुणं अवघड होतं आणि मग कुणी धूत नाही. एका घरी दुरुस्तीला गेलो होतो, दुसऱ्याच कुणीतरी केलेलं काम होतं, पॅनेल इतकी उंच की शिडीशिवाय हात पोचेना, पक्ष्यांची घाण वाळून एका सेलवर कवच झालं होतं. तो सेल तापून मागची पांढरी शीट तपकिरी पडलेली, नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. पॅनेल हाताच्या अंतरावर असावं, हे मी सगळ्यांना सांगतो.

माझं मत विचाराल तर आग्नेय कोपऱ्यात चारच पॅनेल लावा. १.७ किलोवॅट होतं. सावली नाही म्हणजे मायक्रोइन्व्हर्टरची सक्तीही नाही, पण पुढे एखादं वाढवायचं असेल तर सोयीचे पडतात.

काम करून घेताना दोन गोष्टींकडे स्वतः लक्ष द्या. पॅनेलच्या वायरी ज्या कनेक्टरने जोडतात ते दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे असले पाहिजेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, क्लिक आवाजही येतो, पण आतला धातूचा संपर्क सैल राहतो, तिथे गरम होतं आणि सोलारच्या आगी लागण्याचं ते एक मोठं कारण आहे. आणि ते कनेक्टर गच्चीवर लोळत पडलेले नकोत, पावसाचं पाणी साचतं, स्ट्रक्चरला वर बांधून घ्या. दुसरं म्हणजे अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेचा दाब एकदम वाढला तर बचाव. त्याचं वेगळं चित्र काढून मागा, तोंडी नको.

---

हिशेबनीस

चार पॅनेलला माझाही पाठिंबा, हिशोबानेसुद्धा. १.७ किलोवॅट चांगल्या उन्हात वर्षाला २४०० युनिटच्या आसपास देईल, दिवसाला साडेसहा. तुमचा रोजचा वापर दहा युनिट, त्यातला चार-एक युनिट दिवसा होत असणार, मशीन आणि पंप दुपारी चालवले तर पाच. म्हणजे तयार झालेल्या विजेतली साधारण ६०-७५ टक्के घरातच संपते, ग्रिडला फार थोडी जाते. निर्यातीचा दर उद्या निम्मा केला तरी तुम्हाला फारसा धक्का बसत नाही. लोक नेहमी मोठी सिस्टीम म्हणजे चांगली असं धरतात, नेट बिलिंगमध्ये लहान सिस्टीम लवकर वसूल होते.

उरलेल्या १२०० युनिटसाठी सामुदायिकमध्ये छोटा वाटा घ्यायचा असेल तर घ्या, पण आधी वीज कंपनीला विचारा की एकाच मीटरवर रूफटॉपचं नेट मीटर आणि सामुदायिकचं क्रेडिट दोन्ही चालतं का. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी दोन्ही मिळून वर्षाच्या वापराची मर्यादा असते, काही ठिकाणी एकच निवडायला लागतं.

घर सोडून जाण्याबद्दल, भाड्याने दिलंत तर भाडेकरूला कमी बिलाचा फायदा देऊन भाड्यात थोडं घेता येतं, विकलंत तर सिस्टीम घराबरोबर जाते. फक्त कर्जावर घेऊ नका, कर्ज चालू असताना घर विकायचं म्हणजे खरेदीदाराला समजावत बसावं लागतं.

---

गच्चीउन्ह

काल रात्री घरात बसून सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचले. ठरलं ते असं.

आधी वॉटरप्रूफिंग. मग आग्नेय कोपऱ्यात चार पॅनेल, रोख पैसे देऊन, कर्ज नाही. बॅटरी आत्ता नाही, पण इन्व्हर्टर असा घेणार की पुढे बॅटरी जोडता येईल. तोवर सासूबाईंच्या खोलीपुरता छोटा बॅटरीवाला घरगुती इन्व्हर्टर आहे तोच चालू ठेवू. वीज कंपनीला लेखी विचारलंय की दोन्ही चालेल का, उत्तर आलं की सामुदायिकचा वाटा ठरवू, आणि तो घेताना प्रमाणपत्रं कुणाकडे जातात हे आधी विचारणार. दरवाढीच्या कलमाऐवजी क्रेडिटवर सूट मिळत असेल तरच सही करणार असं त्या माणसाला सांगितलंय. तो म्हणाला वर विचारून सांगतो.

तारजोड दादा, एकच शंका राहिली. वॉटरप्रूफिंग आणि पॅनेल यात किती अंतर ठेवायचं? वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो नंतर भोकं पाडलीत तर त्याची गॅरंटी संपली.

---

तारजोड

त्याचं बरोबर आहे. म्हणून क्रम उलटा करायचा. वॉटरप्रूफिंगच्या आधी पॅनेलवाल्याला बोलावून पायांच्या जागा गच्चीवर आखून घ्या, तिथे छोटे काँक्रीटचे चौथरे ओतून घ्या आणि त्यात बोल्ट आधीच बसवून ठेवा. काँक्रीट व्यवस्थित पिकू द्या, पाणी मारत रहा. मग वॉटरप्रूफिंगवाल्याने चौथऱ्यांच्या बाजूने वर चढवत थर मारायचा, नुसता पायथ्याशी सोडायचा नाही, कोपऱ्यात गोलाई करून घ्यायला सांगा. सगळं झालं की गच्चीत पाणी साठवून एक-दोन दिवस ठेवा, खालच्या छताला ओल येत नाही ना बघा, आणि त्यानंतरच स्ट्रक्चर चढवा. मग एकही भोक पाडायला लागत नाही आणि दोघांची गॅरंटी शाबूत राहते. चौथरे आखताना दोघांना एकाच वेळी गच्चीवर उभं करा, म्हणजे नंतर एकमेकांकडे बोट दाखवायला जागा नको.